लाल गाडी आणि जासईचा नवरदेव

माझे सासरे रिटायर झाले तेव्हा कंपनीच्या मालकांनी त्यांना विचारलं, "बोला, काय देऊ?" सासूबाईंनी मनातल्या मनात चांदीची समई ठरवून टाकली होती. सासऱ्यांनी मागितली शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून असलेली गाडी. मालकांच्या वडिलांनी तरुणपणी हौसेनं घेतलेली, विलायती, दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. मालक हसले आणि देऊन टाकली.

रबाळ्याच्या कंपनीतून टेम्पोवर बसून ती नेरूळला आमच्या सोसायटीत उतरली, तेव्हा गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. नव्वदच्या दशकातलं नेरूळ ते. पार्किंगला जागा मुबलक, गाड्याच नव्हत्या. त्यामुळे ही लालबुंद, बुटकी, गोल डोळ्यांची बया दोन बिल्डिंगच्या मधोमध ऐसपैस बसली.

सासरे मूळचे साताऱ्याकडचे, उभा जन्म टूलरूममध्ये गेलेला. त्यांनी डॅशबोर्डखाली जरासं खरवडलं तर लाल रंगाखालून सायीच्या रंगाचा पत्रा निघाला, म्हणजे तिचा मूळ रंग. झालं. त्यांनी जाहीर केलं, "हिला पूर्ण खोलायची. कारखान्यातून निघाली तश्शी परत उभी करायची. स्क्रूसुद्धा मूळचा."

"किती दिवस लागतील, बाबा?" मी विचारलं.

"दिवस?" ते खुशीत म्हणाले. "वर्षं म्हण."

गाडी बंद असती तर कुणाचं काहीच म्हणणं नव्हतं. पण त्यांनी ब्रेक नीट केले, नवी बॅटरी टाकली, आणि ती खोकत खोकत चक्क सुरू झाली. मग घरात दोन तट पडले. मला नुकतंच लायसन मिळालेलं, हात शिवशिवत होते. चालती गाडी खोलायची कशाला, हे मला कळेना. सासूबाई माझ्या बाजूच्या. "एकदा त्यात बसू दे मला," त्या म्हणायच्या, "मग खोला नाहीतर लोणचं घाला तिचं." सासऱ्यांना बसण्याचं अप्रूपच नव्हतं. त्यांचा एक गुडघा वाकत नसे, त्या बुटक्या गाडीत ते शिरूच शकत नव्हते. नवरा दोन्हीकडे मान डोलवायचा.

शेवटी तोड निघाली. सोमवारी गाडी खोलायची, त्याआधी रविवारी एक फेरी. मी चालवणार, शेजारी सासूबाई, आणि मागून स्कूटरवर नवरा, त्याच्या मागे एक पाय लांब करून सासरे. इंजिनाचा आवाज ऐकायला.

सकाळी उरणच्या दिशेनं निघालो. सासूबाईंनी पदर डोक्यावरून घट्ट बांधून घेतला होता. कंटेनरचे ट्रेलर शेजारून जायचे तेव्हा आम्ही त्यांच्या चाकांपेक्षाही खाली. एका ड्रायव्हरनं वरून वाकून बघितलं आणि लांबलचक हॉर्न दिला. सासूबाईंनी त्याला हात हलवला. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. वारा, पेट्रोलचा वास, दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी. मागून मात्र सासऱ्यांच्या आरोळ्या: "गिअर बदल! गिअर!"

जासईजवळ बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि गाडी थांबली. नेमकी एका लग्नघरासमोर. मांडव, बेंजोवाले, हळदीनं पिवळ्या हातांच्या बायका.

"गारी बंद परली काय गो?" एक बाई कळशी घेऊनच आली. "पानी दिऊ?"

इंजिन निवेपर्यंत आमच्या हातात चहा आला. रेडिएटरमध्ये पाणी घालून झालं, तरी गाडी सुरू होईना. तेवढ्यात नवरदेवाचे काका आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "नवऱ्याला देवदर्शनाला न्याचा हाय. या गारीन बसवू."

"अहो, बिघडलीये ती," सासरे म्हणाले.

"बिघरली त ढकलू. मानसं काय कमी हायत?"

दोनच सीटा. सासूबाईंनी उठायला साफ नकार दिला. मग नवरदेव मागे, टपाच्या घडीवर चढून बसला. मुंडावळ्या, हातात कट्यार, बूट काढून पाय आमच्या दोघींच्या मधे. वर कुणीतरी छत्री धरली. बेंजो सुरू झाला आणि आम्ही निघालो, ढकलत ढकलत, देवळाकडे. मी स्टिअरिंग धरून बसले होते, एवढंच.

सासरे शेजारून लंगडत धावत होते. "दाराला नको! मागून! अरे, दिव्याला हात नका लावू!" कोण ऐकतोय. बॉनेटवर हळदीचे पंजे उमटले, कट्यारीनं दारावर वीतभर ओरखडा काढला. मला त्यांच्याकडे बघवेना. देवळाच्या उताराला ते ओरडले, "सेकंड टाक! आता क्लच सोड!" मी सोडला. गाडीनं एक गचका दिला, नवरदेव सासूबाईंच्या खांद्यावर आला, आणि इंजिन धडधडायला लागलं. सगळं जासई ओरडलं. मी वळून पाहिलं तर सासरे नवरदेवाच्या काकांना मिठी मारून हसत होते.

आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

सोमवारी सासरे हत्यारं घेऊन खाली उतरले. मी जिन्यातच उभी राहिले, पुढचं बघायचं नव्हतं. बऱ्याच वेळानं खाली गेले तर फक्त रेडिएटर काढलेला.

"बाकीचं?" मी विचारलं.

"खोललं तर ती माझ्या एकट्याची होईल," ते बॉनेट पुसत म्हणाले. "मला वाटायचं, ती नवी दिसली पाहिजे. काल चालताना दिसली. जे मोडेल ते दुरुस्त करीन. मोडायला तुम्ही दोघी आहातच."

तसंच झालं. आम्ही मोडत गेलो, ते जोडत गेले. त्या हिवाळ्यात सासूबाईंनी स्वतः चालवायला शिकायचं काढलं. खारघरला तेव्हा नुसते मोकळे रस्ते आणि गवत. दर रविवारी तिकडे जायचो. सासूबाई गिअर टाकताना करकर आवाज यायचा, आणि सासरे झाडाखाली कानावर हात ठेवून ओरडायचे, "क्लच, अगं क्लच!"

"तुम्ही जरा गप्प बसा," सासूबाई गाडीतून सांगायच्या, आणि पुढच्या सेक्टरकडे निघून जायच्या.