बाबांच्या खांद्यावरचे शब्द

बाबा गेले तो मंगळवार होता. शुक्रवारी माझी तोंडी परीक्षा होती.

परीक्षा पालघरच्या कॉलेजात, क्रीडाशास्त्राची, आणि इंग्रजीत. बारावीपर्यंत मी मराठीत शिकले. स्नायू कसा आकसतो, सांधा कुठे वळतो, हे मला समजायचे. इंग्रजी नाव मात्र ओठांवर येईपर्यंत निसटायचे. पाठ होईनात, म्हणून मी ते शब्द बाबांवर लिहू लागले. सातपाटीच्या बंदराला मासेमारीची बोट लागली की ते घरी येऊन ओटीवर उघड्या अंगाने बसायचे. मी पेनाने त्यांच्या दंडावर बायसेप्स लिहायची, मागे ट्रायसेप्स, खांद्यावर डेल्टॉइड. ते जाळे ओढल्यासारखा हात हलवायचे आणि मी म्हणायची, वाकला की फ्लेक्शन, सरळ झाला की एक्स्टेन्शन.

“बंदरावर इचारतात, म्हातारपणी गोंदून घेतलं का,” ते सांगायचे. “मी बोलतो, पोर माझ्यावर शाळा भरवते.”

सोमवारी संध्याकाळीही मी लिहिले होते. मंगळवारी सकाळी बोटीत जाळे चढवताना ते कोसळले. शेवटच्या आंघोळीला काका साबण लावून शाई घासू लागला, तेव्हा आई म्हणाली, “राहू दे ती.”

शुक्रवारी मी बॅग उचलली, तर काकू दारात उभी.

“दहावा झाला नाय आन् ही चालली. लोक काय बोलतील?”

परीक्षा चुकली तर वर्ष जाणार होते. मी चपला पायात सरकवल्या. आईने त्या दिवसांत बोलणे जवळजवळ सोडलेच होते.

“त्याच्या अंगावर शिकलीय ती,” आई भिंतीकडे बघत म्हणाली. “वाट दे तिला.”

परीक्षकांनी वर्गातल्या एका मुलाला बनियनवर उभे केले आणि मला इंग्रजीत सांगितले, डेल्टॉइड खाली कुठे संपतो ते दाखव. मी बोट ठेवले. ते म्हणाले, पुन्हा बघ. मी पाहिले आणि बोट पुन्हा तिथेच ठेवले. त्यांनी गुण लिहायला पेन उचलले. मुलगा माझ्याकडे न बघता समोरच्या पंख्याकडे बघत राहिला.

मी बाबांचा खांदा शोधत होते. जाळी ओढून ओढून तो भरला होता, दंडावर बराच खाली उतरल्यासारखा दिसायचा. मला दुसऱ्या कुणाचा खांदा माहीतच नव्हता.

“प्लीज, हात बाजूला उचल,” मी त्या मुलाला इंग्रजीत म्हणाले. पाठ न केलेले ते माझे पहिले इंग्रजी वाक्य. त्याने हात उचलला. कातडीखाली स्नायू घट्ट झाला. तो जिथे संपत होता तिथे मी बोट वर नेले.

“ॲब्डक्शन,” मी त्या हालचालीचे नाव सांगितले. या वेळी शब्द पूर्ण आला. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

मी पास झाले. पुढच्या सत्राला पायांचे स्नायू आहेत. ते मी पुस्तकातल्या चित्रावरून पाठ करते.