मीटर रूमपाशी थांबणारी खुर्ची

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी सेक्रेटरींना सगळ्यांसमोर सुनावलं, "माझ्या बापाचा एक पाय शुगरने नेला, दुसरा तुमच्या या पेव्हर ब्लॉकने." सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, बघू आपण." बघू! त्या 'बघू'ने माझं डोकं असं फिरलं की समोरचा चहा तसाच ठेवून मी उठले. माझा आवाज पार गेटपर्यंत आला होता, असं वॉचमन नंतर म्हणाला. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. आज ती मीटिंग आठवली की वाटतं, कुणीतरी उठून माझ्या तोंडावर हात ठेवायला हवा होता.

बाबा म्हणजे कांदा-बटाटा मार्केटातले माथाडी कामगार. मराठवाड्यातून आले, तुर्भ्याच्या वस्तीत राहिले, आयुष्यभर हातगाडी ओढली आणि मला बी.एस्सी., बी.एड. केलं. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला तेव्हा बाबा व्हीलचेअरवर आले, पण दंड शाबूत होते. रोज सकाळी ते विंगच्या दारातून एकटे निघायचे. चाकांना चार दणके द्यायचे आणि हात मांडीवर ठेवून निवांत बसायचे. खुर्ची आपली आपण घरंगळत जायची, मीटर रूम मागे टाकायची आणि बदामाच्या झाडाखाली येऊन थांबायची. आणखी चार दणके दिले की गेट. गेटबाहेरच्या कट्ट्यावर मार्केटातले जुने सोबती बसलेले असत. झाडाखाली खुर्ची थांबली की बाबा मान वळवून वर आमच्या खिडकीकडे बघत. बघितलंस ना, असा चेहरा. अंघोळीपासून झोपेपर्यंत त्यांना कुणाचा ना कुणाचा हात लागायचा. कुणाच्याही हाताशिवाय होणारी ही एवढी एकच गोष्ट होती.

दिवाळीनंतर सोसायटीने चांगला डांबरी रस्ता उखडून ब्लॉक बसवले. कशाला, तर शोभेसाठी. खुर्ची तरीही चार दणक्यांत झाडाखाली पोचायची, पण दोन ब्लॉकांच्या मधल्या फटीवर दर वेळी आदळायची आणि बाबांची कंबर धरायची. मी काय केलं? टायरच्या व्हॉल्व्हची टोपी काढली, आतली पिन खिळ्याने दाबली आणि दोन्ही चाकांतली हवा सोडली. पार सपाट नाही, मऊ होईल इतकी.

बाबा बघत होते. म्हणाले, "हवा नको काढू, माय. चाक जड होतं."

मी म्हटलं, "बाबा, मी हेच शिकवते दिवसभर. मला विज्ञान शिकवू नका."

फटींवरचे धक्के कमी झाले, कंबर दुखायची थांबली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

दुसऱ्याच दिवसापासून खुर्ची मीटर रूमपाशी थांबायला लागली. चार दणके दिले तरी तिथेच, सहा दिले तर दोन पावलं पुढे. बाबा घामाघूम व्हायचे. "जड चालायलंय हे," म्हणायचे. मी चाकांच्या बेअरिंगमध्ये तेल घातलं. काही फरक नाही. मग ब्लॉकांना शिव्या घातल्या, अर्ज लिहिले, मीटिंग गाजवली. त्याच आठवड्यात मी वर्गात फरशीवर आणि टॉवेलवर गोटी सोडून दाखवत होते. टॉवेलवर गोटी लगेच थांबली. मी फळ्यावर लिहिलं, 'घर्षणामुळे वस्तू थांबते', त्याखाली रेघ मारली आणि पोरांना म्हटलं, उतरवून घ्या. टॉवेल गोटीखाली दबत होता. तो माझ्या डोळ्यांसमोर दबत होता.

शेवटी मीच बाबांना म्हटलं, "आता वय झालं तुमचं. हातात पहिल्यासारखं बळ राहिलं नाही. एकटं जायचं नाही." त्यांनी आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले. "गेलं असंल माय," एवढंच म्हणाले. त्या दिवसानंतर ते गेटपर्यंत गेलेच नाहीत. मी ढकलत नेते म्हटलं तर म्हणायचे, "सोबत्यांसमोर असं ढकलून घेत जायचं व्हय?" आणि गॅलरीत बसून राहायचे. दोन महिने.

मग एका रविवारी त्यांच्याच गाडीवरचा जुना जोडीदार घरी आला. सातारकडचा माणूस, बाबांच्या गाडीला मागून खांदा देणारा, मला लहानपणापासून ओळखणारा. दारातच बाबांवर तोंड टाकलं, "काय रं, कट्टा इसरलास काय?" बाबा म्हणाले, "हात गेले गड्या." तो खुर्चीजवळ आला आणि बोलता बोलता त्याचा अंगठा टायरवर गेला. मार्केटात माल चढवायच्या आधी प्रत्येक जण तसा अंगठा लावायचा. टायर मऊ लागला तर गाडीला गोणच लावायची नाही. इतक्या वर्षांची सवय, त्याला विचारही करावा लागला नाही.

अंगठा आत गेला.

"आरं, ह्यातली हवा कुनी काढली?" तो असा ओरडला की मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "कुठल्या शान्याचं काम ह्ये? आन् वर म्हनतोस हात गेले? मऊ टायरला सपाट रस्ताबी चढच असतोय! दोन म्हैनं ह्यो मानूस चढ चढतोय घरातल्या घरात!"

बाबा हळूच म्हणाले, "ओरडू नको. तिनं माझ्या कंबरेपायी काढली."

"आरं मग कंबरंला उशी दे की!"

उशी. घरात चार उशा होत्या. मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि तेवढाच संतापही आला. स्वतःचा आला. पुस्तकाचा आला, आणि फळ्यावरच्या त्या रेघेचाही आला.

कारण चाक नीट फिरत असेल तर ते जमिनीवर घासत नाहीच. टेकलेला भाग क्षणभर तिथेच असतो, मग उचलला जातो, त्याच्या जागी पुढचा येतो. वजनाने टायर खाली दबतो. चाक पुढे गेलं की दबलेला भाग पुन्हा फुगतो. पण दाबताना जेवढं बळ घेतलं तेवढं रबर परत देत नाही. थोडं स्वतःकडे ठेवतं आणि त्याची ऊब होऊन जाते. शिवाय दबलेल्या जागेची पुढची कड चाकाला सतत मागे रेटते. म्हणजे चाक कायम आपणच पाडलेल्या खड्ड्यातून वर चढत असतं. टायर जितका मऊ तितका खड्डा मोठा. हे सगळं मला पाठ होतं. बी.एस्सी.च्या परीक्षेत लिहिलंही होतं, चांगले मार्क पडले होते. आणि आयुष्यभर गाडी ओढलेला माणूस मला एका वाक्यात तेच सांगत होता, तेव्हा मी त्याला म्हटलं, मला विज्ञान शिकवू नका. शरम वाटायला हवी अशा बाईला. त्याच्या हातगाडीवर मी शिकले आणि त्यालाच गप्प केलं.

संध्याकाळीच सायकलवाल्याकडे खुर्ची नेली. टायर टणक होईपर्यंत हवा भरून घेतली. सायकलवाला म्हणाला, "बस झालं मॅडम, फुटंल आता." कंबरेला उशी बांधली. ब्लॉक जिथल्या तिथे होते. सेक्रेटरी जिन्यात भेटले आणि म्हणाले, "मॅडम, ब्लॉकचं बघतो." मी म्हटलं, "बघा, नाहीतर कंबर पुन्हा दुखेल. पण त्या दिवशी जे बोलले त्यातलं अर्धं मला स्वतःला बोलायला हवं होतं." त्यांना काही कळलं नाही.

सोमवारी सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. दारात मी खुर्चीच्या मागे हात नेला तर खेकसले, "हात लावू नको!" मग मी वर येऊन खिडकीत उभी राहिले.

एक, दोन, तीन, चार. हात मांडीवर. खुर्ची फटींवरून खडखडत निघाली. मीटर रूम आली, मागे पडली. मी खिडकीचा गज घट्ट धरला होता. खुर्ची मंद झाली, आणखी मंद झाली, आणि बदामाच्या झाडाच्या अलीकडे, तीन-चार हातांवर, थांबली.

बाबांनी खाली वाकून टायरवर अंगठा दाबला. टायर दगडासारखा होता, माझ्यासमोर भरला होता. मग तोच अंगठा त्यांनी स्वतःच्या दंडावर दाबून बघितला. आधी उजव्या, मग डाव्या. दोन महिन्यांपूर्वी त्या हातांना काहीही झालं नव्हतं. मी बळ गेलं म्हटलं, त्यांनी माझं ऐकलं, आणि बसून बसून ते खरंच गेलं.

त्यांनी पाचवा दणका दिला, मग सहावा, मग देतच राहिले, आणि झाडाखालून न थांबता गेटकडे गेले. वर खिडकीकडे त्यांनी बघितलं नाही.