गळा खाली

पानशेतच्या रस्त्याला आमचं हॉटेल आहे. पत्र्याची शेड, सात टेबलं आणि मागच्या अंगाला चूल, एवढंच. पण दारातला फ्लेक्स असा, की धरणाच्या भिंतीवर उभं राहून वाचावा. त्यावर मी आहे. काळा सूट, काळा गॉगल, हात जोडलेले आणि छाती दोन माणसांच्या छात्या जोडून शिवल्यासारखी. सूट माझा नाही, गॉगल माझा नाही, जोडलेले हातसुद्धा माझे नाहीत. वेल्ह्याच्या फ्लेक्सवाल्याकडे कुठल्याशा निवडणुकीतल्या पडेल उमेदवाराचं धड शिल्लक होतं, त्यावर त्यानं माझं मुंडकं बसवलं. शेजारी हातभर अक्षरांत लिहिलंय, ‘चुलीवरची भाकरी’. मी जन्मात भाकरी थापलेली नाही. एकदा थापायला गेलो तर तिचा नकाशा झाला, आणि त्यात आमचा तालुका सोडून सगळा महाराष्ट्र आला.

भाकरी थापते माझी थोरली बहीण, अक्का. पिठलं तिचं, ठेचा तिचा, चूल तिची. माझ्याकडं गल्ला आणि बडबड.

अक्काचं लग्न किकवीकडं झालं होतं. तीन वर्षांत परत आली. का आली हे तिनं कधी सांगितलं नाही, आणि आमच्या घरात विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. मंगळसूत्र तिकडंच उंबऱ्यावर काढून ठेवलं, एवढं तिकडच्या एका माणसानं वडलांच्या कानावर घातलं होतं. तेव्हापासून तिचा गळा मोकळा. पोत नाही, बोरमाळ नाही, साधा काळा दोरा नाही. गावात कुणाचं लग्न असलं की बायका एकमेकींच्या गळ्यातलं निरखून बघतात आणि अक्काच्या गळ्याकडं बघायचं टाळतात. ते टाळणं इतकं मोठ्यानं चालतं, की मांडवाबाहेरच्या वाजंत्र्यांनाही कळावं.

शनिवार-रविवार पुण्याची माणसं येतात. आधी चुलीपाशी जातात, मोबाईल काढतात, मग जेवतात. अक्काचे हात जेवढ्या मोबाईलमध्ये असतील तेवढे कुणा नटीचे नसतील. पण हातच. भाकरी फुगताना, जाळ वर येताना, पीठ उडताना. ते फोटो पुण्याला जातात, तिथून अमेरिकेला जातात, चंद्रावर गेले असले तरी मला नवल नाही. आमच्या घरात मात्र तिचा एक फोटो नाही. आधार कार्डावर आहे, पण त्यात ती अशी दिसते की जणू कार्ड तिनं चोरलंय आणि नेमकी पकडली गेलीय.

एका सोमवारी हॉटेल रिकामं होतं. अक्का दारात उभी राहून फ्लेक्सकडं बघत होती.

“आरं, धड दुसऱ्याचं लावता येतं न्हवं?”

“येतं की.”

“मग तोंड बी दुसऱ्याचं लाव.”

“कुणाचं?”

“माझं.”

मी हसलो. ती हसली नाही.

“तुझा धड फोटो कुठाय अक्का?”

“मग काढ की येक. बिगर भाकरीचा. नुसती मी.” आणि आत जाता जाता, पाठमोरीच म्हणाली, “किकवीची मान्सं बी जात्यात ह्या रस्त्यानं.”

एवढंच तिचं मागणं. चाळीस वर्षांत तिनं माझ्याकडं दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

होळीनंतर आमच्याकडं गिऱ्हाईक पातळ होतं. त्या वर्षी धरणकाठच्या हॉटेलवाल्यांनी मिळून राजस्थानची सहल काढली. अक्काला विचारलं, तर ती चक्क हो म्हणाली. बायको हॉटेल सांभाळायला मागं राहिली. निघताना तिनं बजावलं, “वन्सं, फोटोत जरा हसा. आमच्याकडं बघता तसं कॅमेऱ्याकडं बघू नका, बिचारा फुटंल.”

“तुला फोडलं का अजून?” अक्का म्हणाली आणि बसमध्ये चढली.

जयपूरचं ऊन मी काय सांगावं! आमच्यातल्या एकानं बाटलीतलं पाणी तोंडात घेतलं तर त्याचा चहा झाला. साखर घातली असती तर पिण्यासारखाही होता. अशा उन्हात मी मोबाईलवरून फोटोग्राफर ठरवला. तिथं तशी पद्धत आहे. गावात फिरायला आलेल्या माणसानं तासाभरासाठी आपला स्वतःचा फोटोवाला घ्यायचा, आणि त्यानं आपल्याला गुलाबी भिंतींपुढं राजा-राणीसारखं उभं करायचं.

फोटोवाला आला. गळ्यात दोन कॅमेरे, बगलेत पांढरी छत्री, हातात पत्र्याची पेटी. पेटीत भाड्यानं द्यायचे दागिने: हार, ठुशा, बिंदी, सगळे पिवळेधमक. ती पेटी त्यानं उन्हात उघडली आणि आमच्या सहलीतले दोघे डोळे चोळत बाजूला झाले.

अक्का डाळिंबी लुगडं नेसली होती. महिनाभर ते गादीखाली घडी करून ठेवलं होतं, त्याच्यावर झोपून झोपून तिनं त्याला इस्त्री केली होती. एका जुन्या गुलाबी कमानीपुढं ती उभी राहिली. पदर सारखा केला, दोन्ही हात सोडले आणि समोर बघितलं. सरळ. तिचं तसं तोंड मी त्याआधी पाहिलं नव्हतं. चुलीपाशी ते कायम धुरात बारीक झालेलं असतं. इथं ते मोठं होतं. किकवीच्या माणसांनी बघावं असंच होतं. फोटोवाल्यानं ते पाहिलं नाही, तो छत्री उघडत होता.

छत्री उघडून त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, काढला, आणि म्हणाला, “माँजी, गला खाली लग रहा है.”

गळा रिकामा दिसतोय. त्याला हार भाड्यानं द्यायचा होता.

अक्कानं गळा खाली केला.

मला हिंदी येतं. तरुणपणी दोन वर्षं मालट्रकवर काढलीत, इंदूरपर्यंतचे सगळे ढाबे मला ओळखतात. मला एका क्षणात दोन्ही ‘खाली’ कळले, आणि पोटातून जे हसू वर आलं ते मी दातांनी धरून ठेवलं.

“नहीं नहीं माँजी, बहुत खाली है!”

अक्कानं मान आणखी खाली घातली. हनुवटी छातीला टेकली.

“अरे, एकदम खाली...” त्यानं पेटीकडं हात केला, मग हताश होऊन माझ्याकडं वळला. “भैया, आप समझाइए ना इनको.”

इथं मी काय करायला पाहिजे होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं. अक्का, वर बघ. पण त्या वेळी माझ्या डोक्यात पानशेतचा चहाचा ठेला भरलेला होता. ही गोष्ट मी तिथं कशी सांगीन, कुठं थांबीन, कुठं मान घालून दाखवीन, माणसं कशी मांड्या बडवतील, ते सगळं मला जयपुरात उभ्या उभ्या दिसत होतं.

मी म्हणालो, “ऐसेइच निकालो. गाँव की औरत है, शरमाती है.”

त्यानं काढले. पुढून, बाजूनं, कमानीतून, गुडघ्यावर बसून. तासभर. मधेच अक्का मान न उचलताच म्हणाली, “येवढी खाली बास का रं? मान आखडली.”

“बास,” मी म्हणालो. “झ्याक येतायत.”

फोटो दुसऱ्या दिवशी मोबाईलवर आले. साठ फोटो. साठांतही अक्काचा भांग. सरळ, पांढरा, राजस्थानच्या हमरस्त्यासारखा. काहींत कपाळ होतं, दोन-तीनांत नाकाचा शेंडा. अक्कानं बसमध्ये मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

“तोंड कुठाय?”

“आता अशीच फॅशन हाय अक्का. सिनेमातल्या बायका बी असाच काढत्यात.”

तिनं अजून एकदा बघितलं. “त्येला समजत आसंल,” म्हणाली आणि मोबाईल परत दिला. सबंध गुजरात जाईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

परत आल्यावर मी पाबे घाटानं वेल्ह्याला गेलो. फ्लेक्सवाल्यानं साठ फोटो चाळले. “शेठ, ह्यात तोंड कुठाय? मी काय बसवू, भांग?”

“मग राहू दे जुनाच,” मी म्हणालो. हे म्हणायला मी घाटभर घोकत आलो नव्हतो. ते आपोआप आलं, आणि फार सोपं गेलं.

गोष्ट मात्र मी सांगितली. ठेल्यावर सांगितली, दूध डेअरीत सांगितली, धरणावर सांगितली. पहिल्या खेपेला अक्काची हनुवटी छातीला टेकली होती. पावसाळा येईपर्यंत ती गुडघ्याला टेकली. दिवाळीला फोटोवाला ‘खाली, खाली’ ओरडत होता आणि अक्का मान घालत घालत कमानीतून पलीकडच्या विहिरीत डोकावत होती, आणि सहलीतल्या चौघांनी तिचा पदर धरून ठेवला होता. लोक रडेस्तोवर हसायचे. फक्त आमच्या हॉटेलात मी ती गोष्ट अगदी हळू सांगायचो, चुलीपर्यंत जाऊ नये म्हणून. मला हळू बोलता येतं हे गावाला तेव्हा कळलं. वर्षभरात धरणकाठच्या सगळ्यांना जयपूर ठाऊक झालं. एक अक्का सोडून.

पुढच्या उन्हाळ्यातला तो रविवार. सातही टेबलं भरलेली, दारात माणसं उभी. एक हिंदी बोलणारं कुटुंब आलं. मी गल्ल्यावर अडकलेलो, म्हणून त्यातल्या बाई सरळ मागं चुलीकडं गेल्या.

“माँजी, कोई टेबल खाली है क्या?”

अक्का लगबगीनं उठली, पिठाचे हात लुगड्याला पुसले, सगळ्यात जवळच्या टेबलापाशी गेली आणि वाकून खाली बघायला लागली.

“काय पडलं वो बाई? टेबलाखाली तर कायबी न्हाई.”

त्या टेबलावर आमचा रोजचा दूधवाला बसला होता. त्याला भाकरीचा ठसका लागला. “अक्का,” तो टेबल बडवत म्हणाला, “परत जयपूर केलंस की!”

चार टेबलं हसली. ओळखीची सगळी.

अक्का तशीच वाकलेली होती. हळूहळू सरळ झाली.

“जयपूर म्हंजे?”

“आगं, खाली म्हंजे हिंदीत रिकामं! त्यो फोटोवाला तुला...” एवढं बोलून त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि त्याचं तोंड आपोआप मिटलं. पिठल्याच्या वाट्यांत माणसं अशी गुंतली, जणू आत अक्षरं होती.

अक्कानं आपल्या गळ्याला हात लावला. बोटांचं पीठ गळ्याला लागलं. मग ती चुलीपाशी जाऊन बसली, आणि त्या दिवशीच्या उरलेल्या सगळ्या भाकरी तिनं थापल्या. एकही करपली नाही.

चारला हॉटेल निवळलं. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. बोलायचं काय ते मी दुपारभर जुळवून ठेवलं होतं. बोलण्यात मी कधी कमी पडलेलो नाही.

“अक्का, मी मुद्दामच न्हाई सांगितलं. सांगितलं आसतं तर म्हनावं लागलं आसतं की तुझा गळा रिकामा दिसतोय. चारचौघांत. तुला काय वाटलं आसतं?”

तिनं काटवट खरवडायचं थांबवलं नाही.

“रिकामा हाय म्हनला आसतास तरी चाललं आसतं,” ती म्हणाली. “माझा गळा मला ठाव हाय. म्या हातानं रिकामा केलाय. मी वर बघून उभी ऱ्हायली आसती.”

मग म्हणाली, “येक तास व्हते रं मी तशी. तुला इचारलं बी व्हतं.”

मी जे जुळवलं होतं ते खोटं होतं, हे तिला माझ्या आधी कळलं असावं. जयपुरात तिच्या गळ्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता. मला गोष्ट हवी होती. आणि खरं सांगायचं तर, मला फ्लेक्सही जसा होता तसाच हवा होता. परक्या धडावरचं का होईना, त्या रस्त्यावर माझं तोंड होतं.

“भोरला जाऊ,” मी म्हणालो. “एसटी स्टँडजवळ चांगला स्टुडिओ हाय. उद्याच जाऊ.”

“आता नगं.”

“मग हितंच काढू. मी काढतो.”

“नगं म्हनलं न्हवं?” तिनं काटवट पालथी घातली. “ऱ्हाऊ दे तुझंच. शोभतंय.”

त्याला आता बरीच वर्षं झाली. फ्लेक्स अजून तोच आहे. उन्हानं माझं तोंड उडून पांढरं पडलंय, त्या पडेल उमेदवाराचा सूट मात्र काळाकुळकुळीत आहे. ठेल्यावर जयपूरची गोष्ट आता मी सांगत नाही, तर दुसरे सांगतात, आणि माझ्यापेक्षा वाईट सांगतात.

रविवारी पुण्याच्या मुली अजूनही चुलीपाशी येतात. हल्ली त्यांना नुसते हात नको असतात, चेहराही हवा असतो. “आजी, वर बघा ना, प्लीज!” अक्का मान खाली घालते. हनुवटी छातीला टेकेपर्यंत. “आजी, वर बघा हो, वर!”

“खालीच बरं हाय,” अक्का भाकरी थापत म्हणते. “भावानं शिकवलंय.”

मुली खिदळतात, भांगाचा फोटो काढतात आणि गल्ल्यावर येऊन मला विचारतात, “काका, त्या असं का म्हणाल्या?”

मी विचारतो, “पिठलं वाढू का अजून?”