सिरिंज यांच्या हातात

बायांनो, आज मी माझ्याच नवऱ्यावर लई जळले.

आमची लेक सातव्या महिन्यातच झाली. संभाजीनगरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. मी काढलेलं दूध तिला नळीनं देतात. सकाळी सिस्टर म्हणाल्या, "सिरिंज नुसती वर धरा, दूध आपोआप उतरतं." मी घाईत दाबली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून यांच्या हातात दिली.

आम्ही सिल्लोडकडचे मेंढरंवाले. आई मेलेली कोकरं यांनीच पाजून जगवलीत. यांचा हात जराही हलला नाही. दूध उतरता उतरता यांनी दुसऱ्या हाताची करंगळी पेटीत घालून तिच्या ओठाला लावली, तर लेकीनं ती तोंडात धरली.

"वळखती बघ मला," हे म्हणाले.

मी वाटी घेऊन दूध काढायला गेले. आज रोजच्यापेक्षा जास्त आलं. रागानं पण दूध येतं का गं?