भिंतीवरचा अंबाडा

हॉटेलातल्या मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत आरशाशेजारी एक फोटो होता. फोटोत चेहरा नव्हता, नुसतं एक पाठमोरं डोकं आणि त्यावर अंबाडा. अंबाडा असा की वाऱ्याचं सोडा, वादळातसुद्धा एक केस जागचा हलायचा नाही. खाली ठळक अक्षरांत छापलेलं होतं, 'केस असे बांधावेत.' काउंटरवर नवी मुलगी लागली की तिला आधी या डोक्यासमोर उभं करायचे, आणि तिचं डोकं त्या डोक्यासारखं दिसेपर्यंत बाकीच्या जणी मिळून ओढायच्या.

ते डोकं मोठ्या ताईंचं होतं.

मोठ्या ताई म्हणजे काउंटरवरचं जुनं खोड. पाहुणा दारातून आत येतोय तोवर त्याला खिडकीकडची खोली लागणार की लिफ्टजवळची, हे त्यांनी त्याच्या चालीवरून ओळखलेलं असायचं. कायम सकाळची पाळी. त्यामुळे घरात रोज सकाळी लढाई. नळाखाली डोकं घालायचं, पातेलं घासावं तसे टॉवेलने केस घासायचे, ओल्याच केसांतून कंगवा वरून खाली खसाखसा ओढायचा, कंगव्यातला पुंजका टोपलीत टाकायचा आणि ओलं ते ओलंच रबर लावून आवळायचं. मग पिना, मग फवारा. संध्याकाळी सोडलं की आतले केस तसेच दमट, आणि त्यांना बंद ठेवलेल्या कपाटासारखा वास.

इतकी वर्षं हे असंच चाललं. मग एकदा टिकली लावताना ताईंच्या लक्षात आलं, कपाळ ऐसपैस झालंय. कानशिलांवरचे केस तर रजेवरच गेले होते.

"अहो, बघा ना जरा. केस मागे गेलेत का हो?"

नवऱ्याने चष्मा चढवला. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर कंगव्याला काही कामच उरलं नव्हतं. नीट न्याहाळून तो म्हणाला, "हे बघ, या घरात टकलाची जागा एकच आहे आणि ती भरलेली आहे. अर्ज करू नकोस."

ताई हसल्या, पण शनिवारी पार्लरमध्ये जाऊन बसल्या. पार्लरवालीने दोन बोटांनी केस बाजूला केले आणि सरळ तोंडावर सांगितलं.

"ताई, हे वयाने नाही झालं, तुम्ही केलंय. ओले केस बांधता, तेही रोज त्याच जागी, तेही कचकचून. मुळं रोज ओढली गेली की एक दिवस हात सोडतात. आत्ता सैल केलंत तर बरेचसे परत येतील. असंच चाललं तर ही कपाळाची बाजू विसरा."

"अगं, पण नोकरीत तसा नियम आहे."

"मग डोकं नोकरीला ठेवून या आणि घरी नुसत्या या!"

ताईंना हे झोंबलं. घरी येईपर्यंत त्यांचा निश्चय झाला होता. डोकं धुवायचं ते आदल्या संध्याकाळी. टॉवेलने घासायचं नाही, नुसतं टिपायचं. कंगवा आधी टोकांना, मग वर. आणि सोमवारी त्या कामावर आल्या त्या पाठीवर सैल वेणी सोडून.

मॅनेजरसाहेब तीन महिन्यांपूर्वीच आलेले. वयाने ताईंच्या अंबाड्याहूनही धाकटे. वेणी दिसताच त्यांची भुवई केसांपर्यंत चढली. ताईंना त्या भुवईचा हेवाच वाटला, तिला पोचायला केस तरी जागेवर होते.

"ताई, हे काय? नियम माहीत आहे ना? चला, आत चला."

काउंटरवरची एक नवी मुलगी सोडली तर कपडे बदलायच्या खोलीत सगळ्या मुली होत्या. साहेबांनी फोटोवर बोट ठेवलं.

"या बाईंकडे बघा. याला म्हणतात शिस्त. या बाईंनी कधी तक्रार केली असेल का?"

मुली एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या.

"केली होती," ताई म्हणाल्या. "त्या बाई मीच."

साहेबांचं बोट फोटोवरच राहिलं.

"फोटो काढला त्या दिवशी माझं डोकं ठणकत होतं," ताई म्हणाल्या. "डोकं दुखलं की मी करकचून बांधते, आईची सवय. तेवढ्यात फोटोवाला आला. म्हटलं, आज नको. तर तेव्हाचे साहेब म्हणाले, वा वा, काय टापटीप! आणि लावला भिंतीवर. तेव्हापासून मलाही रोज तसंच. शिस्त कसली, साहेब? तुम्ही साहेब लोक इतकी वर्षं मुलींच्या डोक्यावर माझी डोकेदुखी बांधताय!"

कोपऱ्यातली एक मुलगी फस्सकन हसली. मग म्हणाली, "तरीच! म्हणून रोज दुपारी गोळी घ्यावी लागते," आणि तिने केसातली एक पिन काढून टेबलावर टाकली. टक्क. दुसरीनेही टाकली.

"हे पाहा," साहेबांचा आवाज चढला, "अंबाडा घालायचा नसेल तर तुम्ही मागच्या टेलिफोनच्या खोलीत बसा. काउंटरवर नाही."

काउंटर म्हणजे ताईंचं अर्धं आयुष्य होतं. टेलिफोनच्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती.

"बसते," ताई म्हणाल्या. "अंबाडा काही घालणार नाही. पण डोकं माझं आहे, तेव्हा फोटो माझ्याबरोबर येणार." आणि त्यांनी खुर्चीवर चढून फोटो उतरवला. भिंतीवर फिकट चौकोन राहिला.

"सर," पिनवाली मुलगी अगदी साळसूदपणे म्हणाली, "आता घट्ट म्हणजे किती घट्ट, ते तुम्ही दाखवा ना."

साहेबांनी दोन्ही हात स्वतःच्या डोक्यामागे नेले, हवेत काहीतरी वळलं आणि हात खाली घेतले.

इतक्यात बाहेर बस थांबल्याचा आवाज आला. एका लग्नाचं अख्खं वऱ्हाड, बॅगा, रडणारी पोरं, आणि प्रत्येकाला खोली आधी हवी. काउंटरवर एकटी नवी मुलगी होती, तिने दारातून इकडे बघत आतल्या आत टाहो फोडल्यासारखा चेहरा केला.

साहेबांनी बाहेर पाहिलं, ताईंकडे पाहिलं, मग छताकडे. "आजच्या दिवस," ते म्हणाले.

"आज काय, उद्या काय, वेणी हीच," ताई म्हणाल्या. फोटो त्यांनी काउंटरखाली भिंतीकडे तोंड करून उभा ठेवला आणि रजिस्टर पुढे ओढलं.

बॅगांच्या गर्दीत वाकता वाकता एक बट सुटून त्यांच्या गालावर आली. पलीकडून साहेब बघत होते. ताईंचा हात सवयीने पिन शोधायला गेला, अर्ध्या वाटेत थांबला आणि पेनावर आला.

"बोला आजोबा," बट तशीच लोंबत ठेवून ताई म्हणाल्या, "तुम्हाला लिफ्टजवळची देते. चालेल?"