बेबीताईंच्या घरची भाकरी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच.

बातमीदाराने बातमीत स्वतःला येऊ द्यायचं नसतं. त्या सवयीने आधी घटना सांगतो. माझ्या सात वर्षांच्या मुलीला पहिली फीट आली तेव्हा मी कामावर होतो. सुरतेत नवागामच्या आमच्या खोलीत जमलेल्यांपैकी कुणी चप्पल हुंगवायला आणली. शेजारच्या बेबीताईंनी ती बाजूला सारली, मुलीला कुशीवर वळवलं आणि रिक्षाने दवाखाना गाठला. ते उपकार मी आजही — पण तिथेच तर अडतं.

मेंदूत अळीची गाठ निघाली. औषधाने बरी होईल, डॉक्टर म्हणाले. बायको म्हणाली, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यांनी समजावलं : डुकराचं अर्धकच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो, गाठ होते ती त्याची अंडी दुसऱ्याच्या पोटात गेल्याने — नीट न धुतलेल्या हातातून, त्या हाताने दिलेल्या घासातून. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा.

रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो. कृमी माझ्या पोटात होता.

हजीऱ्याला बातमीसाठी जायचो तेव्हा एका ठेल्यावर मी ते मांस खायचो, घरी न सांगता. आणि मुलीला घास कोण भरवायचं? मीच.

मी औषध घेतलं. रिपोर्ट फाडला. घरी सांगितलं — आपल्यात कुणाला काही नाही.

"मंग त्यासनाच घरनं," बायको शेजारच्या दाराकडे बघत म्हणाली. "त्या खातस नं."

बेबीताई बौद्ध. एवढ्यावरूनच तिने ठरवलं. मुलगी शाळेतून आली की त्यांच्याकडे भाकरी खायची. त्यांच्याकडे ते मांस शिजत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक बातमी दोनदा पडताळणारा मी — काय केलं मी? मान हलवली.

बायकोने त्यांना दारातच सांगितलं, पोरीला आता काही देऊ नका. "बरं वहिनी," एवढंच त्या म्हणाल्या. पण रोज त्यांच्या उंबऱ्यातून हाक यायची, "भाऊ, गोळी दिली का?"

गाठ सुकली. पुढे डॉक्टरांनी गोळ्याही बंद केल्या. मुलगी हसते, भांडते, सायकल चालवते. याबद्दल मी डॉक्टरांचा ऋणी आहे, आणि त्यांच्याहून जास्त बेबीताईंचा.

त्या आता कडोदऱ्याला राहतात. गेल्या महिन्यात मुलीला घेऊन गेलो. ताट वाढताना त्यांनी तिला विचारलं, "खाशील ना गं? का घरी विचारून येतेस?"

मुलगी माझ्याकडे बघू लागली. बेबीताईही.

"खा," मी म्हणालो. त्यापुढचं तेव्हाही बोललो नाही.