काकूंनी शिवलेला लंगोट

काष्टेवाल्या काकू गिऱ्हाइकाचं निम्मं माप ते दारातून आत येतानाच घेत, नुसत्या चालण्यावरून. हडपसरच्या जुन्या गावठाणात त्यांचं एका खोलीचं दुकान होतं आणि शिवलेली नऊवारी, म्हणजे पायजम्यासारखी चढवायची की काष्टा आयता तयार, ही त्यांची खासियत. 'हिचा डावा पाय आखूड पडतोय', 'ही नवऱ्याशी भांडून आलीय', असं त्या टाचणी दातात धरून पुटपुटत. भांडणाचं त्यांना कसं कळे, देव जाणे.

दुकानात पाटी होती : 'माप देताना पोट आत ओढू नये.' सातव्या महिन्यात डोहाळजेवणाच्या हिरव्या नऊवारीसाठी मी माप द्यायला गेले आणि सवयीने नेमकं तेच केलं. काकूंनी टेप खाली घेतली. म्हणाल्या, "आत कुणाला दडपतीस? ते भाईरच येणार हाय."

मी सॉफ्टवेअर टेस्टर. खराडीच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि चूक कुठे आहे, केव्हा होते, किती वेळा होते, हे नेमकं लिहायचं, याचा मला पगार मिळतो. मोघम लिहिणाऱ्या ज्युनिअरांना मी फाडून खाते. आणि सहाव्या महिन्यात माझ्या योनिमुखाच्या शिरा फुगल्या, तेव्हा डॉक्टर मॅडमना मी काय सांगितलं, तर "पाय जरा जड वाटतात." त्यांनी बिचाऱ्यांनी पाय तपासले आणि गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे लिहून दिले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ते मोजे मी महिनाभर इमानेइतबारे घातले.

आमच्या ऑफिसात रोज सकाळची मीटिंग उभ्याने करतात, लवकर संपावी म्हणून. ती लवकर कधीच संपत नाही. मी भिंतीला टेकून एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. संध्याकाळपर्यंत खाली काहीतरी जड लोंबतंय असं वाटायचं. एकदाच आरसा धरून पाहिलं. जांभळ्या गाठी दिसल्या आणि माझी खात्रीच झाली की बाळंतपणात या फुटणार आणि मी मरणार. नवऱ्याला, निखिलला, हे सांगितलं नाही. त्याऐवजी सिझेरियन मागायचं ठरवलं, आणि कारण सांगायचं की आईच्या ज्योतिष्याने मुहूर्त काढलाय. लग्नात पत्रिका पाहू न देणारी मी. खरी जागा सांगण्यापेक्षा अंधश्रद्धाळू ठरणं मला सोपं वाटलं.

काकूंनी कंबरेचं माप घेता घेता विचारलं, "काय होतंय?"

"काही नाही."

"पाय फाकून चालतीस. खाली शिरा फुगल्यात न्हवं?" आणि त्यांनी त्या जागेचं गावातलं नाव घेतलं, जे मला इथेही लिहवत नाही. म्हणजे माझी प्रगती बेताचीच आहे.

मी स्टुलावर बसले आणि रडायला लागले. काकूंनी दार लोटून घेतलं. "मला तिसऱ्या टायमाला झालतं. शेतात वाकलं की जीव जायचा. सासूनं काष्टा घट वडून बांधायला शिकवलं, तवा जरा बरं वाटलं. आधाराला शिवून देते मी. पर आधी डॉक्टरला दाखव. तिनं हां म्हटल्याबिगर कापडाला कात्री लावायची न्हाई."

मग मात्र सुटका नव्हती. ताकाला जाऊन भांडं लपवायचे दिवस संपले. मॅडमनी तपासलं आणि म्हणाल्या, "साध्या बाळंतपणाला याची आडकाठी नसते. बाळ झालं की काही आठवड्यांत बहुतेक ओसरतं. फार वेळ उभ्या राहू नका, डाव्या कुशीवर झोपा, कपड्यात गुंडाळून गार शेक घ्या, आणि खालून आधार देणारं काहीतरी घाला. गाठ कडक होऊन दुखली किंवा रक्त आलं तर लगेच या. इतके दिवस बोलला का नाहीत?"

मी म्हटलं, "ऑफिसात फार काम होतं."

काकूंनी मऊ सुती कापडाचा दुपदरी, नाड्यांचा आधार शिवला. तो हुबेहूब लंगोट होता. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "सासऱ्याचे तालमीतले लंगोट मीच शिवायची. त्या पैलवानांनी कधी तोंड वाकडं केलं न्हाई." डोहाळजेवणाच्या फोटोत मी फुलांचे दागिने घालून, हातात धनुष्यबाण धरून हसते आहे. आत लंगोट आहे. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी सलग तासभर सुखाने बसले होते, म्हणून ते हसू इतकं खरं आलंय.

मुहूर्ताविना, साधं बाळंतपण झालं. मुलगी. दीड महिन्यात गाठी विरल्या आणि मी काकूंकडे पेढे घेऊन गेले. त्यांनी पेढा हातातच धरला.

"आईला सांगितलंस?"

"नाही. घाबरेल ती."

"तुझी आई बी तुझ्या टायमाला बाळंत झालीय, बाई."

आई माझ्या बाळंतपणासाठी यवतमाळहून आली होती. त्याच संध्याकाळी ती बाळाला तेल लावत असताना मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"तुह्या वेळी मलेही होतं," ती म्हणाली. "मले वाटलं, मलेच काही वंगाळ झालं. तुह्या बाबाले नाही सांगितलं. वाटे, यातून आपण उठत नाही. साडीच्या घडीत चिठ्ठी लिहून ठेवली होती, लेकराले माह्या मायकडे द्या म्हणून."

"मग?"

"मग काय. तू झालीस. फाडून टाकली."

दुसऱ्या दिवशी मी आईला काकूंकडे नेलं. काकूंनी तिला स्टुलावर बसवलं आणि मला बाळासकट बाहेर काढलं. आधी रडण्याचा आवाज आला आणि मग दोघींचं हसणं. काय बोलल्या, ते दोघींनीही मला सांगितलं नाही. त्यानंतर आई पुण्याला आली की पिशवी ठेवून आधी काकूंकडे जाई. मला वाटे, ब्लाउज शिवायला जाते. तिने काकूंकडून एकही ब्लाउज शिवून घेतला नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. चुका शोधण्याचा पगार घेते मी.

काकू गेल्या वर्षी झोपेतच गेल्या. मी आईला फोन केला.

"पुण्यात माह्यं एक माणूस होतं," आई म्हणाली.

मी पुण्यातच राहते, हे मी तिला सांगितलं नाही.